टर्बो गाडीला सायलेन्सर निवडताना

पोलो जीटी, व्हर्टस, स्लाव्हिया, आय-२० एन लाइन, नेक्सॉन, फ्रॉन्क्स. गेल्या दहाएक वर्षांत टर्बो पेट्रोल इंजिन आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये रुळलं आणि त्यापाठोपाठ सायलेन्सर बदलून घेण्याची हौसही आली. गॅरेजवाल्याला विचारलंत तर तो म्हणेल, "तीन इंची फ्री-फ्लो टाकू, पिकअप बघा कसा वाढतो." या वाक्यावर पैसे मोजण्याआधी आपल्या गाडीच्या पोटाखाली काय काय आहे ते एकदा नीट समजून घ्या.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रस्त्यावर रोज चालणाऱ्या लहान टर्बो पेट्रोल गाडीचा मागचा पाइप बदलून मिळतो तो मुख्यतः आवाज. ताकद अडते ती टर्बोला लागून असलेल्या भागात, आणि त्या भागाला हात लावणं खिशालाही महाग पडतं आणि कायद्यातही बसत नाही. त्यामुळे खर्च करायचाच असेल तर तो पाइपाच्या जाडीवर करू नका. धातूवर, वेल्डिंगवर आणि केबिनमध्ये घुमणारा आवाज मारण्यावर करा.

इंजिनातून जळून बाहेर पडलेला वायू आधी टर्बोच्या टर्बाइनला फिरवतो. तिथून तो डाऊनपाइपमध्ये उतरतो. कॅटलिटिक कन्व्हर्टर, ज्याला गॅरेजमध्ये नुसतं 'कॅट' म्हणतात, तो याच भागात असतो, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे ऑक्सिजन सेन्सर. पुढे मधला लांब पाइप, त्यात बहुधा एक रेझोनेटर, मग मागच्या चाकांच्या आसपास मफलर आणि शेवटी बंपरखाली दिसणारं टोक. विक्रेता 'कॅट-बॅक' म्हणतो तेव्हा त्याला कॅटच्या मागचं सगळं अभिप्रेत असतं, 'ॲक्सल-बॅक' म्हणतो तेव्हा फक्त मफलर आणि टोक, आणि 'टर्बो-बॅक' म्हणजे डाऊनपाइपसकट सगळंच. पावती करताना यातलं नेमकं काय मिळणार आहे ते लिहून घ्या, कारण नंतरचे बरेच वाद इथूनच सुरू होतात.

"इंजिनाला थोडा बॅक प्रेशर लागतोच," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. बिनटर्बोच्या इंजिनात त्यामागे अर्धं सत्य आहे. तिथे पाइपातून जाणाऱ्या वायूचा वेग टिकला तर एका सिलिंडरमधून निघालेली लाट दुसऱ्या सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून नेते, आणि पाइप फार मोठा केला तर हा वेग मरतो. लोकांनी वेगाच्या जागी दाब म्हणायला सुरुवात केली, एवढंच. टर्बोच्या मागच्या बाजूला मात्र हे अर्धं सत्यही लागू नाही. टर्बाइनला मिळणारी ताकद तिच्या अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांच्या गुणोत्तरावर ठरते. उदाहरणादाखल अलीकडे २ बार आणि पलीकडे १.३ बार धरला, तर गुणोत्तर दीडच्या जरा वर जातं. पलीकडचा दाब १.१ वर आणला की तेच १.८ होतं. म्हणजे टर्बो लवकर जागा होतो, लॅग कमी होतो. टर्बोच्या मागे अडथळा जितका कमी तितकं बरं, हे तत्त्व म्हणून बरोबर आहे.

पण मग मागचा सायलेन्सर बदलून गाडी उडायला हवी. ती उडत नाही, याचं कारण ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक. आजच्या टर्बो पेट्रोल गाडीत किती टॉर्क द्यायचा हे ईसीयू ठरवतो आणि त्या हिशेबाने वेस्टगेट, म्हणजे टर्बाइनला वळसा देणारी वायूची झडप, उघडझाप करून बूस्ट राखतो. तुम्ही अडथळा कमी केलात की तो वेस्टगेट जरा जास्त उघडतो आणि ठरलेला टॉर्क तेवढाच ठेवतो. बूस्ट किंचित लवकर भरतो, हे खरं, पण वरची मर्यादा जिथे होती तिथेच राहते. ती हलवायची तर रिमॅप हवा. ट्यूनर मंडळींच्या भाषेत 'स्टेज १' म्हणजे फक्त सॉफ्टवेअर आणि 'स्टेज २' म्हणजे सोबत मोकळा डाऊनपाइप. कॅट-बॅक या पायऱ्यांत बहुधा ऐच्छिक असतो, आणि यातच सगळं आलं. मूळ सायलेन्सरवरच स्टेज १ केलेली गाडी नुसता महागडा सायलेन्सर लावलेल्या गाडीला सहज मागे टाकते.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआय गाड्यांचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे बदलांची हौस सर्वाधिक याच गाड्यांवर फिटते. व्हर्टस आणि स्लाव्हियातलं एक लिटरचं इंजिन ११५ पीएस आणि १७८ न्यूटन-मीटर देतं, दीड लिटरचं १५० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर. या दोन्ही इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे. टर्बो थेट हेडला बोल्टने बसतो आणि कॅट त्याच्या अगदी जवळ असतो, म्हणजे सकाळी सुरू केल्यावर तो लवकर तापून कामाला लागतो. याचा व्यवहारी अर्थ असा की या गाड्यांना 'हेडर', म्हणजे वेगळा बाजारी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, बसूच शकत नाही. कोणी टीएसआयसाठी हेडर विकायला काढला तर दुकान बदला. अडथळा आहे तो कॅटच्या जाळीत. तिथे वायू सर्वांत गरम असतो, म्हणून त्याचं आकारमानही सर्वांत जास्त असतं. ८०० अंशांवरचा वायू मागे जाता जाता ४०० अंशांवर उतरला की त्याचं आकारमान साधारण ६३ टक्के उरतं. बंपरखालचं चार इंची टोक वायूच्या दृष्टीने केवळ दागिना आहे, ते यामुळेच.

मग डाऊनपाइपच का बदलू नये? बदलणारे बदलतात. कॅट काढून टाकला की मागचा ऑक्सिजन सेन्सर तक्रार करतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी ०४२० हा कोड दिसतो. मग तो सेन्सर सॉफ्टवेअरमधून गप्प करण्याचा पुढचा खर्च येतो. काही गाड्यांत वेस्टगेटची खिडकी इतकी लहान असते की मोकळा डाऊनपाइप लावल्यावर ती पूर्ण उघडूनही बूस्ट आवरत नाही. बूस्ट ठरवलेल्या रेषेच्या वर सरकतो आणि ईसीयू गाडीला लिंप मोडमध्ये, म्हणजे ताकद कापून चालण्याच्या अवस्थेत, टाकतो. आणि कॅट नसलेल्या पेट्रोल गाडीच्या मागे सिग्नलला दोन मिनिटं उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. लहान मुलं मागच्या सीटवर बसतात अशा गाडीत तो वास मला तरी चालणार नाही. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीसाठी किंवा कोइंबतूरच्या कारी स्पीडवेसाठी वेगळी गाडी ठेवणाऱ्याचा हिशेब निराळा. रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत मूळ कॅट राहू द्या.

आता व्यासाकडे. तीन इंच हा आकडा विक्रेत्यांचा लाडका आहे. पाइपाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे दोन इंचांवरून अडीच इंचांवर गेलात की जागा दीडपटीहून जास्त होते, आणि तीन इंचांवर सव्वादोनपट. ट्यूनिंगमधला जुना ठोकताळा असा, की सव्वादोन इंची पाइप १८० अश्वशक्तीपर्यंत पुरतो, अडीच इंची सव्वादोनशेच्या पुढेपर्यंत, आणि तीन इंचांची खरी गरज तीनशेच्या आसपास लागते. ११५ ते १५० पीएसच्या गाडीला सव्वादोन इंच पुरेसा आहे, पुढे रिमॅप करायचा विचार असेल तर अडीच. एक लिटरच्या गाडीखालचा तीन इंची पाइप ताकद खाईल असं नव्हे, टर्बोला त्याचा त्रास नाही. पण तो जड असतो, मागच्या ॲक्सलवरून नेताना जागा पुरत नाही, स्पीडब्रेकरला घासतो आणि घुमतो. आपल्या नगरपालिकांचे स्पीडब्रेकर कुठल्या मापाने बांधतात ते देवच जाणे, तेव्हा गाडीच्या सर्वांत खालच्या बिंदूपेक्षा पाइप खाली येता कामा नये, हे ऑर्डर देतानाच बजावून सांगा.

घुमणं हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि लोक नवा सायलेन्सर काढून परत जुना लावतात ते बहुतेकदा याच कारणाने. दुकानासमोर गाडी उभी करून रेस दिली की आवाज भारी वाटतो. मग पहिल्याच रविवारी द्रुतगती मार्गावर ताशी शंभरने अर्धा तास चालवली की मागच्या सीटवरून आई विचारते, "गाडीत काही बिघडलंय का रे?" चार सिलिंडरचं इंजिन दोन हजार आरपीएमवर सेकंदाला सुमारे ६७ ठोके देतं, तीन सिलिंडरचं ५०. या खालच्या स्वराशी पाइपाची लांबी आणि केबिनचा पोकळ भाग जुळले की कान दडपल्यासारखे होतात. हा आवाज मोबाइलच्या व्हिडिओत येत नाही, कारण फोनचा छोटा स्पीकर इतका खालचा स्वर नीट वाजवूच शकत नाही. सायलेन्सर व्हिडिओ पाहून निवडू नका, असं म्हणण्यामागे कारण आहे ते हे.

दीड लिटरच्या टीएसआयमध्ये आणखी एक मेख आहे. हलक्या भाराखाली हे इंजिन आपले दोन सिलिंडर बंद करतं आणि उरलेल्या दोनवर चालतं. ठोके अचानक निम्मे होतात, दोन हजार आरपीएमला सेकंदाला सुमारे ३३. कंपनीचा मूळ सायलेन्सर हे गृहीत धरून केलेला असतो. गल्लीत बनवलेला सरळसोट पाइप ते गृहीत धरत नाही, आणि मग एकसारख्या वेगात गाडी मध्येच ट्रॅक्टरसारखी गुरगुरायला लागते. या इंजिनासाठी सायलेन्सर घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: दोन सिलिंडरवर चालताना कसा वाजतो? तो गोंधळला तर त्याने या इंजिनावर काम केलेलं नाही.

उपाय आहेत. मधला रेझोनेटर काढू नका, हा पहिला आणि फुकटचा. मागे मफलर सरळ नळीचा असला, म्हणजे आत भोकं पाडलेली नळी आणि भोवती काचलोकर किंवा स्टीलची लोकर, तर अडथळा कमी राहतो आणि वरचे कर्कश स्वर शोषले जातात. मात्र ही लोकर काही वर्षांत जळून विरते, म्हणून ती पुन्हा भरता येईल असा मफलर बरा. खालचा स्वर लोकरीला दाद देत नाही. त्यासाठी जाणकार फॅब्रिकेटर मुख्य पाइपाला एक बंद टोकाची फांदी जोडतात. तिची लांबी त्रासदायक स्वराच्या लाटेच्या एक चतुर्थांश ठेवली की परत येणारी लाट मूळ लाटेला मारते. १०० हर्ट्झसाठी ही फांदी सव्वा मीटरच्या आसपास जाते. याहून खालच्या स्वराला ती इतकी लांब होते की गाडीखाली मावत नाही, तिथे मोठ्या आकारमानाचा मफलरच लागतो. झडप असलेला सायलेन्सर हाही मार्ग आहे: झडप बंद असताना शांत, उघडली की मोकळा. हलता भाग पाइपाच्या उष्णतेत आणि आपल्या चिखलात किती वर्षं टिकेल, याचा विचार करून घ्या. चांगल्या बनावटीची झडप टिकते, स्वस्तातली पहिल्याच पावसाळ्यात अडकते.

डिसिलरेशनला फटाके फोडणारा 'पॉप्स अँड बँग्ज'चा मॅप सायलेन्सरसोबत फुकट मिळत असला तरी घेऊ नका. इंधन मुद्दाम एक्झॉस्टमध्ये जाळलं जातं, त्याची आच टर्बाइन आणि कॅटला लागते.

धातूचं प्रकरण आता. 'एसएस' एवढं ऐकून समाधान मानू नका. कंपन्यांच्या मूळ सायलेन्सरमध्ये बहुधा ४०९ जातीचं स्टेनलेस असतं. त्यात क्रोमियम सुमारे ११ टक्के, वरून तांबूस डाग पडतात, पण ते वर्षानुवर्षं टिकतं. चांगल्या बाजारी सायलेन्सरमध्ये ३०४ असतं, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. आता खरी ग्यानबाची मेख: आपल्या बाजारात ३०४ च्या नावाखाली २०२ खपवलं जातं, ज्यात महाग निकेलच्या जागी बरंचसं मँगनीज असतं. लोहचुंबक लावून बघा असं सगळे सांगतात. चुंबक ४०९ ओळखतो, कारण तो त्याला चिकटतो. पण ३०४ आणि २०२ दोन्हींना तो चिकटत नाही, त्यामुळे या दोघांतला फरक त्याने कळणार नाही. त्यासाठी स्टीलच्या दुकानात मिळणारं तपासणीचं रसायन असतं, थेंब टाकला की रंग बदलतो. फॅब्रिकेटरसमोर पाइपाच्या तुकड्यावर ही तपासणी करून मागा. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यात राहत असाल तर याचा हट्टच धरा, खाऱ्या हवेत २०२ चे सांधे आधी गंजतात.

३०४ चा एक अवगुणही आहे: तो तापल्यावर ४०९ पेक्षा बराच जास्त पसरतो. तीन मीटरचा पाइप ३०० अंशांनी तापला तर लांबी सुमारे १५ मिलिमीटरने वाढते. ती जायला जागा हवी. डाऊनपाइपनंतरचा लवचीक जाळीचा सांधा, म्हणजे फ्लेक्स, आणि सायलेन्सर टांगणारे रबर मूळ जागीच असले पाहिजेत. काही कारागीर पैसे वाचवायला फ्लेक्स गाळून सरळ पाइप जोडतात. इंजिन हलतं, पाइप हलत नाही, आणि मग सांधा टर्बोच्या तोंडाशी तडकतो.

वेल्डिंग 'आर्गन'चं मागा, आणि पाइपाच्या आतही आर्गन सोडून करतात का ते विचारा. आतून संरक्षण नसलं तर शिवणीच्या मागच्या बाजूला काळी खरबरीत साखर तयार होते, ती वायूलाही अडवते आणि तिथूनच गंजही धरतो. वळणं मँड्रेल बेंडिंगची हवीत. साध्या यंत्रावर वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो आणि अडीच इंचांचे पैसे देऊन तुम्ही त्या जागी दोन इंचच विकत घेता. पुण्यात नाना पेठेपासून भोसरीपर्यंत, कोल्हापुरात उद्यमनगरला असं काम करणारे हात आहेत. कामाचा दर्जा बघायला दुकानाची पाटी नको, शेजारी पडलेली शिवण बघा. परदेशी तयार सायलेन्सर, अक्रापोविच, मिल्टेक किंवा रेमस यांचे, बसवणीत अचूक असतात, मात्र आपल्याकडच्या मॉडेलसाठीच आहे ना हे तपासा. युरोपातल्या त्याच नावाच्या गाडीचं पोट वेगळं असू शकतं.

कायद्याबद्दल दुकानदार बहुधा "काही होत नाही" म्हणतो. होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा तसाच कडक अर्थ लावला. कलम १८२ ए (४) खाली अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्यास कलम १९० (२) आहे, त्यात पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्सवर गंडांतर. प्रवासी मोटारींसाठी कारखान्यातली आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे, ती गाडी शेजारून जाताना साडेसात मीटरवरून मोजतात. पुण्यातली एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था अशाच चाचण्या करून मॉडेलला मंजुरी देते. युरोपचा 'ई' शिक्का असलेला सायलेन्सर दर्जाची खूण म्हणून चांगला, पण इथल्या रस्त्यावर तो परवाना ठरत नाही. बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतानाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. मोटारींवर नजर कमी जाते, एवढाच फरक. आणि पीयूसीच्या भरवशावर राहू नका. ती धुरातले घटक तपासते, आवाज आणि पाइप नाही.

वॉरंटी शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत थांबणं शहाणपणाचं. टर्बो बिघडला तर कंपनी आधी बदललेल्या पाइपाकडे बोट दाखवेल. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी तुमच्याविरुद्ध वापरला जातो, विशेषतः आग लागली असेल तर.

डिझेलवाल्यांसाठी एवढंच: बीएस ६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, आहे, तो काढून देणाऱ्याकडे जाऊ नका. आणि डीपीएफ ठेवून मागचा पाइप बदललात तर आवाजातही फारसं काही हाती लागत नाही.

बसवून घेताना उष्णतारोधक पत्रे मूळ जागी परत लागले का ते स्वतः गाडीखाली वाकून पाहा. पेट्रोल टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि बंपरचं प्लास्टिक यांच्यापासून पाइपाला मोकळी जागा हवी. जुने पॅकिंग पुन्हा वापरू देऊ नका. काढलेला प्रत्येक भाग घरी आणा. कॅटमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असतं, त्यामुळे कोणी डाऊनपाइप बदलून जुना 'ठेवून घेतो' म्हणाला तर तो उपकार करत नसतो. मूळ सायलेन्सर प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवा, गाडी विकताना किंवा पासिंगच्या वेळी तो लागतो. पाच-सातशे किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा लिफ्टवर घ्या आणि सगळे क्लॅम्प कसून घ्या. थंड इंजिन सुरू करून सांध्यांजवळ 'टिक-टिक' असा आवाज येतो का ऐका, येत असेल तर तिथे गळती आहे. सेन्सरच्या अलीकडे गळती असेल तर हवा आत ओढली जाऊन ईसीयूला चुकीची खबर जाते, तेव्हा ती पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत टाळू नका.